परागकणांचा चमचा

आमच्या सासूबाई, कुसुमताई, इकडे हिंदी मुलखात, नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीत, शिस्तीसाठी प्रसिद्ध आहेत. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता घरी आम्हाला शिकवतात. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी काही चाखायचं नाही, हा त्यांचा नेम. अगदी आमटीचं मीठसुद्धा नाही. त्यामुळे सणावारी आमटी कधी अळणी, कधी खारट, आणि तक्रारीची सोय नाही. मला हे मुळीच पटत नसे आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवत असे.

यंदा डेंग्यूने मला पार झोपवलं. ताप गेला, पण जिना चढला की धाप लागे. त्यात आंब्याला मोहर आला की दरवर्षी माझा दमा उसळतो. मधमाश्यांनी गोळा केलेले परागकण खाल्ले की अशक्तपणा जातो, असं सासूबाईंनी कुठेतरी ऐकलं आणि लगोलग एका मधवाल्याकडून शीशी आणली. आत पिवळे-केशरी दाणे, मोहरीपेक्षा जरा मोठे. चार दिवस झाले तरी शीशी काही माझ्यापर्यंत आली नाही.

पाचव्या दिवशी सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई ओट्याशी उभ्या, शीशी उघडी आणि चमचा तोंडात! देवपूजा अजून व्हायची होती. माझं डोकंच फिरलं.

"वा! माझ्यासाठी आणलेलं तुम्हीच संपवा. आणि नैवेद्याचा नेम काय फक्त आम्हाला?"

त्यांनी शीशीचं झाकण लावलं आणि चमचा धुवायला घेतला. चोरी पकडली म्हणून आवराआवर चाललीय, असं मी समजले.

अर्ध्या तासात त्यांचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. अनयने, माझ्या नवऱ्याने, घाईघाईने गाडी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, श्वास नीट चालतोय हे पाहिलं आणि मग रागावले, "माताजी, किससे पूछकर खाया?"

"बहू को दमा है," सासूबाई कशाबशा म्हणाल्या. "सोचा, पहले मैं देख लूँ। चार दिन दाना-दाना खाया, कुछ नहीं हुआ। आज पूरा चम्मच लिया।"

"बहू को देतीं तो जान पर बन आती," डॉक्टर म्हणाले.

मी सासूबाईंचा हात धरून ढसाढसा रडले. या बाईने माझ्यासाठी स्वतःच्या जिवावर बेतवून घेतलं होतं, आणि मी तिला चमचाभर दाण्यांवरून बोलले होते.

"पण आधी नैवेद्य तरी दाखवायचा होता," मी म्हटलं.

"अगं, नैवेद्य दाखवला की तो प्रसाद झाला ना. मग तुलाही द्यावाच लागला असता." त्यांनी कपाळाला हात लावला. "आयुष्यात पहिल्यांदाच नेम मोडला गं, तोही पाच दिवस. आता देवाला काय सांगू?"

"मी सांगते."

घरी आल्यावर शीशी कचऱ्यात टाकली, अंघोळ केली आणि लग्नानंतर पहिल्यांदा आपणहून देवासमोर बसले. सासूबाईंची बाजू मांडायला बसले होते. हात जोडले, आणि कितीतरी वेळ माझीच माफी मागत राहिले.