काकूंच्या नियमाची खिचडी

आमच्या चर्चच्या महिला मंडळात मला दोन कामं कधीच देत नाहीत. प्रार्थना चालवणं आणि गप्प बसणं. म्हणून मी डबे पोचवते. ज्या घरी मरण झालंय तिथं आठ दिवस चूल पेटवू द्यायची नाही, रोज आमच्यापैकी एकीकडून जेवण जायचं, ही आमची सेवा. घर आपल्या मंडळीतलं असो की शेजारच्या हिंदू रेल्वेवाल्याचं, डबा जातोच.

ही सेवा सुरू केली बडोद्यातल्या वासणा भागातल्या एका काकूंनी, आणि नियमही त्यांचेच. जेवण हलकं हवं, म्हणजे खिचडी-कढी. डबा दारात द्यायचा, आत बसायचं नाही, कारण आपण टेकलो की घरच्यांना चहा टाकावा लागतो. आणि आठ दिवसांनी थांबायचं, कारण तोवर दुसरीकडे कुणीतरी गेलेलं असतं. “मरण काय आपली सोय बघून येतं का गं?” कढीला फोडणी देता देता त्या म्हणायच्या.

मग त्याच गेल्या. झोपेत.

मागे राहिले काका, रिफायनरीतून निवृत्त झालेले. काकूंच्या घरी काकूंचा नियम मोडायची कुणाची छाती? रोज खिचडी गेली, रोज डबा रिकामा, घासून लख्ख परत आला. आम्ही खूश. शेवटी सोसायटीच्या वॉचमननं मला फाटकातच अडवलं. “बेन, खिचडीमां घी ओछुं नाखजो. कूतरां जाडां थई गयां.”

तूप कमी घाला, कुत्री लठ्ठ झाली! मी हसत हसतच जिना चढले. काकांना पाहिलं आणि हसू विरलं. पायजमा कमरेवर ठरत नव्हता. मी नियम गुंडाळला आणि आत जाऊन बसले.

“काका, जेवत का नाही?”

“पोरी, मेली ती. आजारी मी नाही.” ते म्हणाले, “साऱ्या बडोद्याला खिचडी खाऊ घातली तिनं, पण मला कधी वाढली नाही. मला आवडत नाही, ठाऊक होतं तिला.”

पुण्याहून आलेला मुलगा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. “ताई, पप्पा नीट जेवले तर राहू देत इथं. नाहीतर सोमवारी मी घेऊन जाणार.”

“तिची कबर इथं आहे,” काका जमिनीकडे बघत म्हणाले. “मी तिकडे काय करू?”

दुसऱ्या दिवशी मी मटण केलं, डोळ्यांतून पाणी काढणारं. खांद्यावर पंचा टाकून दारातूनच ललकारी दिली, “बाजूला व्हा! राजवाड्याच्या मुदपाकखान्यातून थाळा आलाय!”

“मुदपाकखान्यात एवढा आरडाओरडा करत नसतील,” काका म्हणाले आणि पाटावर बसले.

जेवले हो! नळी तोंडाला लावून ओढली, भाकरी पुन्हा मागून घेतली. मुलगा गॅलरीत जाऊन बायकोला फोनवर एवढंच सांगत होता, “जेवले. जेवले गं.” मी तर पडदा पडायच्या आधीच टाळ्या घ्यायला वाकले होते.

काकांनी हात धुतले. “झक्क झालं होतं. आजचा आठवा ना?”

“असू दे. मी आणीन रोज.”

“आणशील. मन लावून आणशील. मग कधी सासू आजारी पडेल, कधी मुलीची परीक्षा येईल, आणि दुसऱ्या दिवशी तू दारात तोंड पाडून उभी राहशील. हिनं काय उगाच आठ ठरवले होते?” टॉवेल नीट घडी घालून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. “तिकीट काढ रे माझं.”

“पण पप्पा, आता जेवलात ना तुम्ही?”

“म्हणून तर. उपाशी माणसाला फक्त हट्ट सुचतो.”

मी भांडी गोळा केली. काकांनी मला जिन्यापर्यंत सोडलं.

सोमवारी त्यांना स्टेशनवर निरोप द्यायला जायचं मी ठरवलं होतं. पण गावाच्या गोत्री भागात एकाकडे मरण झालं, आणि डब्याची पाळी माझी होती.