दोन टक्के आणि दहा माणसं

नीलांबरी परीक्षेत एकही प्रश्न कधी कोरा सोडून आली नाही. नागपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करताना तिच्या पुरवण्यांची वर्गात चेष्टा व्हायची. येत असो वा नसो, लिहायचं. लिहिलं तर तपासणारा दोन मार्क तरी देतो, हे तिच्या आईने चौथीपासून डोक्यात भरलं होतं. आणि खोटं कशाला बोला, त्या दोन-दोन मार्कांवर आपल्यातले निम्मे पुढे गेले.

२००१ साली सिद्धेशशी लग्न करून ती मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला आली. त्याचा व्हिसा कामाचा, हिचा त्याच्यामागून आलेल्या बायकोचा. त्या व्हिसावर नोकरी करायला मनाई. फर्स्ट क्लास फर्स्ट आलेली मुलगी सहा वर्षं मराठी मंडळाच्या याद्या करत बसली. अनया झाली, मोठी झाली, किंडरगार्टनमध्ये गेली. २००६ संपता संपता कामाची परवानगी आली, तेव्हा तिने ते कार्ड आधी देवापुढे ठेवलं आणि मग पर्समध्ये.

नोकरी मिळाली तीही कुठे? शेजारच्या वुस्टर गावात, फ्रँक टियर्नी नावाच्या सत्तरीच्या आयरिश वंशाच्या गृहस्थाकडे. एका दंतवैद्याच्या दवाखान्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. आयर्लंडमध्ये निवडणुकांआधी जनमताचे पोल निघतात, त्यातले आकडे का हलले ते टियर्नी तिथल्या लहान पक्षांना लिहून कळवायचे. तिथल्या तिथे विचारलं तर सांगणारा कुणाचा माणूस असेल याचा भरवसा नाही, म्हणून लोक समुद्रापलीकडे विचारत. नागपूरची पोरगी, अमेरिकेतलं ऑफिस आणि आयर्लंडचं राजकारण! सिद्धेश म्हणाला, "यार, आपल्या वॉर्डातला नगरसेवक कोण ते तुला माहीत नव्हतं."

टियर्नींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मला फ्रँक म्हण. तिच्या तोंडून ते निघेना. बोलताना ती मिस्टर टियर्नी म्हणायची आणि मनातल्या मनात काका. तीन महिने बघू, जमलं तर कायम करू, असं ठरलं होतं. ते तीन महिने एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संपत होते.

मार्चच्या शेवटी एक पोल आला. एका लहानशा पक्षाचे (नाव सांगत नाही, तिनेही कधी घरी सांगितलं नाही) सहाचे चार टक्के झाले होते. पक्षाने विचारलं, दोन टक्के का पडले? नीलांबरीने बाह्या सरसावल्या. आठवडाभर तिथली वर्तमानपत्रं इंटरनेटवर वाचली. त्यात सापडली नोरीन. नोरीन तिकडच्या एका गावातली नर्स, त्या पक्षाची नवी उमेदवार. नदीकाठच्या नव्या रस्त्याला विरोध करणारं तिचं एक भाषण पेपरात गाजलं होतं, आणि पोल घेतला त्याच आठवड्यात. झालं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला. नीलांबरीने चार पानं लिहिली: रस्ता, भाषण, नाराज शेतकरी, त्यांच्या नाराज बायका, सगळं तारीखवार. टियर्नी त्या आठवड्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी घरी होते. त्यांनी फोनवर विचारलं, आकडे पाहिलेस ना नीट? ती हो म्हणाली आणि गुरुवारी रिपोर्ट पाठवून मोकळी झाली.

शुक्रवारी उत्तर आलं. फार उपयोगी रिपोर्ट, धन्यवाद. सोमवारी संध्याकाळी बैठक आहे, तीत नोरीनची उमेदवारी काढून घेतो.

नीलांबरीला आधी बरंच वाटलं. आपलं कुणीतरी ऐकलं! सहा वर्षांत पहिल्यांदा. तरी घरी निघण्याआधी तिने ते उत्तर आणखी दोनदा वाचलं.

शनिवारी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, शाळेचा हॉल भाड्याने घेऊन. जेवणाचं खातं मोरेश्वरकाकांकडे. काका म्हणजे सत्तर साली आलेले हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. माणसांच्या छातीचे ठोके मोजून झाल्यावर आता मंडळाची डोकी मोजायचे. आपल्या लोकांना फोन करून "येणार का?" विचारलं की हो कुणी म्हणत नाही, नाही तर मुळीच म्हणत नाही. "बघतो", "जमवतो", "कळवतो" यातून काकांनी आकडा काढायचा. गेल्या वर्षी तो एकशे चव्वेचाळीस होता. या वर्षी एकशे चौतीस. काका चिडले होते.

त्यांनी कारणही शोधून ठेवलं होतं. या वर्षी रवीचं गाणं ठेवलंय ना, म्हणून लोक फिरकले नाहीत. रवी बिचारा शेजारीच हार्मोनियम पुसत होता, त्याचं तोंड एवढंसं झालं. गणपतीत त्याचं नाव नको, असं काका कमिटीला सांगायला निघाले.

नीलांबरी मध्ये पडली. "काका, दहा माणसं म्हणजे तीन घरं. एका घरी ताप, एकाचं सॉकर, एकजण भारतात. शिवाय गेल्या वर्षीची माणसं निराळी, या वर्षीची निराळी. दहा डोक्यांवरून तुम्ही एका माणसाचं गाणं बंद करणार?"

काका म्हणाले, "मग कारण काय?"

"कारण नसेलच काही. सुतावरून स्वर्ग गाठू नका हो."

तिचं तिनेच ऐकलं. हातातली श्रीखंडाची वाटी तिने तशीच टेबलावर ठेवली, अनयाला सिद्धेशकडे दिलं आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसली. शरमेने तिचे कान तापले होते.

रविवारी सकाळी ऑफिस उघडून तिने त्या पोलचे तक्ते काढले. हे आधीच करायला हवं होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पण तक्ते बघितले तर लिहायला काही उरलं नसतं, हे तिला आतून माहीत होतं की काय, देव जाणे. दोन्ही वेळा मत सांगणारे आठशे, दर वेळी वेगळे. आधी पक्षाच्या बाजूचे पंचेचाळीस, नंतर पस्तीस. टक्के काढले तर साडेपाचच्या जरा वर, आणि साडेचारच्या जरा खाली. एक वर सरकून सहा झाला, दुसरा खाली सरकून चार. सव्वाचा फरक छापताना दोन झाला होता. मागे होती फक्त दहा माणसं. एवढा चढउतार काहीही घडलं नाही तरी होतो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण तेवढ्याशा शितांवरून भात कुणामुळे बिघडला ते सांगता येत नाही.

घरी येऊन तिने सिद्धेशला सगळं सांगितलं. नोकरी जाणार, हे दोघांनाही दिसत होतं. सिद्धेश म्हणाला, "सांगून टाक. सहा वर्षं एका पगारात काढली, आणखी काढू. पण त्या बाईचं तिकीट तुझ्यामुळे जायला नको."

या माणसाशी आपलं लग्न झालं म्हणून तिला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की ती उगीचच भांडी घासायला उठली.

सोमवारी सकाळी आठ वाजता ती टियर्नींच्या घराच्या दारात उभी राहिली. आयर्लंडचं घड्याळ पाच तास पुढे, त्यामुळे बैठकीला थोडाच वेळ उरला होता. टियर्नींच्या एका डोळ्यावर पट्टी होती. तिने तक्ता पुढे धरला आणि पाठ करून आणलेलं बोलून टाकलं: आकडा खरंच पडला की नाही हे सांगता येत नाही, पडला असला तर का तेही सांगता येत नाही, आणि नोरीनबद्दलची चार पानं मी मनाने जोडलेली आहेत. कोरं सोडवेना म्हणून लिहिली.

टियर्नींनी एका डोळ्याने तक्ता वाचला. त्याला वेळ लागला. मग त्यांनी तिच्यासमोरच फोन लावला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं की आमचा रिपोर्ट चुकला, तो परत घेतोय, मी न बघता जाऊ दिला, चूक माझी. नीलांबरीचं नावसुद्धा घेतलं नाही.

फोन ठेवून म्हणाले, "उद्या नऊला ये. आणि यापुढे 'माहीत नाही' असेल तिथे 'माहीत नाही' लिही. लोक त्यासाठीच आपल्याकडे येतात."

त्या दिवसाचं तिच्यावर आयुष्यभराचं ऋण आहे असं ती आजही मानते. आपल्या आईनंतर कुणी काही शिकवलं असेल तर टियर्नीकाकांनी, असं म्हणते. आईने शिकवलेलं त्यांनी पुसून टाकलं, हे मात्र आईला सांगत नाही.

नोरीनची उमेदवारी राहिली. मे महिन्यात निवडणूक झाली. जूनमध्ये ऑफिसच्या पत्त्यावर एक पत्र आलं, निळ्या शाईतलं, नीलांबरीच्या नावाने. टियर्नींनी कधीतरी नोरीनला सगळं सांगितलं असणार. नोरीनने लिहिलं होतं:

"मी पडले. तीनशे बारा मतांनी. वाईट वाटलं, पण ती खरी माणसं होती, घरून निघून केंद्रावर आली होती. त्यांनी मला नको म्हटलं, ते मी ऐकलं. तुम्ही कागद परत घेतला नसता तर त्यांना विचारायलाच मिळालं नसतं. आभार. रस्त्याविरुद्ध अजून बोलतेच आहे."

नीलांबरी टेबलाशी बसून रडली. टियर्नींनी वर न बघता टिश्यूचा डबा तिच्याकडे सरकवला आणि काम चालू ठेवलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा अनया शाळेचा कागद पुढे घेऊन बसली होती. बेरजा झाल्या होत्या, शेवटच्या चौकटीपाशी पेन्सिल थांबली होती. "मॉम, आय डोन्ट नो धिस वन," ती म्हणाली, आणि सवयीने स्वतःच पुढे म्हणाली, "काहीतरी लिहू?"

नीलांबरी तिच्याजवळ बसली.

"नको. कोरं सोड. उद्या बाईंना सांग, मला हे येत नाही."

अनयाने संशयाने आईकडे पाहिलं. मग पेन्सिल ठेवून खेळायला पळाली.