एकोणिसावी पायरी

माझ्या साडूंइतकं आवाज न करता दुसऱ्याच्या पाठीमागे बसणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. मांजरसुद्धा येताना कुठंतरी काहीतरी सांडते. साडूंचा आवाज म्हणाल तर एकच, पेन्सिलीचा. वसमतच्या बसस्टँडवर कुणी सवलतीच्या पासाचा अर्ज भरत असला, की हे त्याच्या मागच्या बाकावर जाऊन बसत, खिशातली वही काढत आणि तो माणूस कुठल्या रकान्यापाशी थबकतो, कुठं पेनाचं टोपण चावतो, ते टिपून घेत. एका लग्नात तर थेट गुरुजींच्या मागे जाऊन बसले. गुरुजींचा जन्म लग्नं लावण्यात गेलेला, पण पाठीशी ती पेन्सिल करकरायला लागली तसे सप्तपदीच्या चौथ्या पावलावर अडकले आणि नवरानवरीला तिथंच उभं ठेवून पाणी प्यायला गेले. साडूंनी तेही लिहून घेतलं.

आता हा नाद त्यांना लागला कुठून, तर धंद्यातून. ते घरबसल्या एका लांबच्या कंपनीचं काम करत. विहिरीवरच्या मोटारी आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या असतात ना, त्यांच्या आत बसणारा बोर्ड ही कंपनी बनवते. त्या बोर्डाच्या पोटात सगळ्याला चालवणारा जो मूळ भाग असतो त्याला म्हणतात कर्नेल. मी औंढ्याला देवस्थानच्या कचेरीत कारकुनी केलेला माणूस. मला त्यांनी 'यंत्राचा गाभारा समजा' म्हणून सांगितलं. ज्याचं जसं यंत्र, तसा तो गाभारा आवरून घ्यावा लागतो. मोटारीच्या पेटीला पडदा नाही, तर पडद्याचं सामान काढा. घड्याळ लागतं, तर ते ठेवा. हे कसं करायचं ते पायरीपायरीने सांगणारी एक पोथीच होती. देशोदेशीचे इंजिनिअर ती वाचत, आणि ती सांभाळायचं काम आमच्या साडूंचं होतं.

घरातही तोच प्रकार. फाटकावर कागद: 'कडी आधी वर, मग आपल्याकडे. कुत्रं भुंकेल, चावणार नाही.' चहाच्या डब्यावर कागद, न्हाणीघरात दोन कागद. आमच्या औंढ्याच्या घरच्या जिन्यात लोक ठेचकाळतात म्हणून त्यांनी 'खाली पाहा' असं लिहून लावलं, तर लोक खाली पाहून वरच्या तुळईला डोकं आपटायला लागले. मग पुढच्या रविवारी नवा कागद आला: 'आधी डोकं, मग पाय.' आमची ही म्हणाली, तुमच्या साडूंना घरात घेताना पण कागद लावा.

त्यांचा नियम मात्र पक्का. ज्याला त्यातलं काही कळत नाही अशा माणसाने कागद वाचून काम पुरं केल्याशिवाय पोथीत ओळ घालायची नाही आणि असलेली काढायचीही नाही. जिल्ह्यातून त्यांनी या कामासाठी निवड केली ती माझी. दर रविवारी मी एसटीने वसमतला जायचो. ते आधी सगळं मराठीत लिहून ठेवत, मी संगणकासमोर बसायचो आणि ते माझ्या मागे, स्टुलावर. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी शैला, चहा ठेवून जायची. मी कुठं अडलो की पेन्सिल चालायची. पुढच्या रविवारी कागदावर लिहिलेलं असायचं, 'आता तुम्ही चष्मा पुसाल', आणि ते वाचताना चष्मा खरोखर माझ्या हातात असायचा. पहिल्यांदा हसलो. नंतर नंतर हसू येईनासं झालं.

एकोणिसाव्या पायरीला त्या कर्नेलचे प्रश्न सुरू व्हायचे. हे हवं का, ते हवं का. एकेकाला 'हो' किंवा 'नको' सांगत खाली जायचं. नजर हलली की एखादा प्रश्न सुटतो, आणि मग शेवटी संगणकाला जोडलेल्या बोर्डावरचा हिरवा दिवा लागत नाही. नेमका तिथंच मी दर वेळी मागे वळून बघायचो. मी म्हणालो, अहो, तुमी मागं बसता म्हणून मी वळतो. ते त्यांनी लिहून घेतलं. पुढच्या रविवारी मला एकट्याला ठेवून ते स्वयंपाकघरात जाऊन बसले, मधलं दार लावून. भरदुपार होती, गल्लीत हळद शिजवल्याचा वास भरलेला, खोलीत चिटपाखरू नाही. एकोणिसाव्या पायरीला मानेवर कुणाची तरी नजर आल्यासारखी वाटली आणि मी वळलो. रिकामं स्टूल. खरं सांगतो, धावतच जाऊन मधलं दार उघडलं. साडूंना ऐकून आनंद झाला. पोथीत ओळ गेली: 'इथे मागे कुणी बसलंय असं वाटेल. बसू द्या. वळू नका.'

मग पत्रं यायला लागली. कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या एकाने लिहिलं, मी एकटा राहतो, एकोणिसाव्या पायरीला मला वाटलं, कृपया कोण आहे ते कळवावं. दुसऱ्याने खुर्ची भिंतीला टेकवून पाहिली म्हणे, तरी वाटलंच. मी साडूंना विचारलं, तुमाला भीती नाही वाटत का? ते शांतपणे म्हणाले, "साडूभाऊ, लोकांला वाटून राहिलं तर लिहिलं पाहिजे. खरं का खोटं, ते आपलं काम न्हाई."

कंपनीत एक नवा साहेब आला, त्याला ती ओळ खटकली. यात तांत्रिक काय आहे, काढून टाका म्हणाला. साडूंनी कळवलं, काढतो, पण नियमाप्रमाणे. आधी अडाणी माणूस तिच्याशिवाय पार झाला पाहिजे. रविवार ठरला. तो रविवार त्यांना मिळाला नाही. अलीकडे डोळ्यांची तकलीफ वाढली म्हणून शैला टाइप करायची आणि ते मागे स्टुलावर बसून सांगायचे. त्या शुक्रवारी ते सांगता सांगता थांबले. ती एकोणिसावी पायरी तपासत होती. ती त्यांच्या गप्प बसण्याला इतकी सरावलेली, की भिंतीला टेकून ते गेलेत हे तिला अर्ध्या तासाने कळलं. माणूस गेला तोही आवाज न करता. मला अजून कधीकधी त्यांचा राग येतो.

दोन महिन्यांनी शैलाचा फोन आला. पोथीचं काम कंपनीने तिच्याकडेच दिलं होतं. मी गेलो. तिने माझ्यासमोर कागद ठेवला, त्यात ती ओळ नव्हती. स्टूल होतं तिथंच होतं, पुसलेलं.

"ती ओळ मला काढायची हाय, दाजी," ती म्हणाली. "तिच्यापायी मी वळले न्हाई."

मी मनात ठरवलं की आज वळायचं नाही, मान मोडली तरी नाही. या पोरीच्या जिवावरचं ओझं उतरू दे. अठरा पायऱ्या बराबर झाल्या. एकोणिसावीला प्रश्न सुरू झाले, चार-पाच उत्तरं दिली, आणि मागे स्टूल करकरलं. मी वळलो. तिथं कुणी नव्हतं. एक प्रश्न सुटला तो सुटलाच, दिवा काही लागला नाही.

नियम म्हणजे नियम. शैलाने ती ओळ आपल्या हाताने परत लिहिली, कागद माझ्यासमोर ठेवला आणि पुन्हा पहिल्यापासून करायला सांगून समोर स्वयंपाकघराच्या दारात, पडद्याच्या कडेवरून मला दिसेल अशी, माझ्याकडे तोंड करून उभी राहिली. मी परत एकोणिसाव्या पायरीला आलो. ओळ वाचली. पहिला प्रश्न, दुसरा प्रश्न, आणि मग ती पेन्सिल चालायला लागली. हळू, थांबत थांबत. चष्मा पुसायला हात वर गेला तशी थोडी जोरात.

"शैला," मी पडद्यावरची नजर न हलवता म्हणालो, "माझ्या मागं..."

ती बराच वेळ माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"बसू द्या, दाजी."

मी वळलो नाही. पुढच्या प्रश्नाला 'हो' म्हटलं, त्याच्या पुढच्याला 'नको', आणि शेवटपर्यंत गेलो. हिरवा दिवा लागला. तरीही आम्ही दोघं जागचे हललो नाही, कारण पेन्सिल अजून थांबली नव्हती.