मारुतीचं वय

निपाणीच्या स्टँडवरून बेळगावची बस सुटली तेव्हा मी आणि मारुती एकाच सीटवर होतो. सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि देशाच्या ज्युनियर व्हॉलीबॉल संघाच्या शिबिराला, बंगळूरला, आम्हा दोघांना बोलावणं आलं होतं. दोघांच्या आया तंबाखूच्या वखारीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेल्या. लुगड्यांना तंबाखूच्या धुळीचा खकाणा चिकटलेला, त्यामुळं कोण रडतंय आणि कोण शिंकतंय तेच कळेना. माझे आप्पा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "कुणाच्या मधी पडू नगंस. आपला खेळ बरा, आपुन बरं." बस हलली आणि संकेश्वर येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून सगळ्या दशम्या संपवल्या.

आम्ही एकाच गल्लीतले. आमची बारशीसुद्धा एकाच आठवड्यात झालेली. शाळेत मात्र मारुती माझ्या एक वर्ष पुढं, आणि त्याला कारण त्याचे हात. तेव्हा जन्माचा दाखला कुणाकडं असायचा? डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरता आला की पोर सहा वर्षांचं झालं असं मास्तर धरायचे, एक जून ही जन्मतारीख टाकायचे आणि नाव घालायचे. पाच वर्षांच्या मारुतीचा हात कान ओलांडून गालाला लागला. माझा डोक्याच्या मध्यावरच अडकला. मास्तरांनी मला हसून घरी पाठवलं, पुढच्या वर्षी घेतलं. त्याच लांब हातांनी मारुती पुढं नेटवर असा फटका काढायचा की समोरची पोरं नुसती बघत राहायची.

कोचसर तमिळ मुलखातले. हिंदी मोडकंतोडकं, शिस्त मात्र कडक. चेंडू सुटला की मैदानाला फेऱ्या ठरलेल्या. पण संध्याकाळी पोरांच्या पायाचे फोड स्वतः बघायचे. शेवटच्या आठवड्यात अकरा नावं पक्की झाली. बाराव्या जागेसाठी मी आणि मारुती उरलो. खरं सांगायचं तर मारुतीच सरस होता.

मग शाळेचे दाखले तपासले गेले. कागदावर मारुती वयाच्या बाहेर जात होता. मास्तरांनी वय वाढवून लिहिलंय, असं तो काकुळतीनं सांगत होता, पण दाखल्यात अडकलेलं प्रत्येक पोर हेच सांगतं. कोचसरांनी मला एकट्याला बाजूला घेतलं. "तुम एक गाव का है. सच बोलो." तो खरंच लहान असेल तर आपण यादी चार दिवस अडवून धरू, गावाहून कागद मागवू, असंही म्हणाले.

मला सगळं ठाऊक होतं. मी म्हणालो, "मालूम नहीं, सर."

आप्पांचा शब्द पाळला, अशी मी मनाची समजूत काढली. पण आप्पांचा त्यात काही दोष नव्हता. मला ती जागा हवी होती, बास.

मारुती दुसऱ्या दिवशी निघाला. जाताना आपल्या गुडघ्याच्या पट्ट्या माझ्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाला, "तुज्या फाटल्यात. ऱ्हाऊ देत." लोंढ्याला गाडी बदलून एकटा घरी गेला.

मी खेळलो. देशाचा ब्लेझर घातला, परक्या देशात जाऊन हरून आलो. त्या ब्लेझरवर रेल्वेत नोकरी लागली ती थेट बंगालात. आता क्वार्टर आहे, ड्यूटी आहे, संध्याकाळी कॉलनीच्या पोरांना सर्व्हिस शिकवणं आहे. मुलं बंगालीत भांडतात. बायको झुणका करते आणि मुलं माशाचा झोल मागतात. रजेच्या अर्जात होम टाउन म्हणून मी निपाणी लिहितो.

मागच्या रजेत गेलतो तेव्हा मारुती भेटला. साखर कारखान्यात सीझनपुरता उसाच्या वजनकाट्यावर असतो. डोक्यावरचे केस गेलेत. चौकात त्यानं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. चहा घेताना कुणीतरी शिबिराचा विषय काढला, आणि सगळ्यांनी नेहमीप्रमाणं कोचसरांना शिव्या घातल्या. मारुती शांतपणे म्हणाला, "एका शब्दानं कुणाला इचारलं असतं, तर खरं वय कळलं असतं रं. पर न्हाय इचारलं त्यानं." सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान डोलावली.

स्टँडवर माझी बॅग त्यानंच उचलली. "आपल्यातला एक तरी गेला, लई बरं झालं," म्हणाला.

गाव मला अजून पोटाशी धरतं, म्हणून ते माझं घर. आणि म्हणूनच तिथं मला दोन दिवसांच्या वर राहवत नाही. कोचसर आता हयात नाहीत. तोंडानं जमलं नाही ते मारुतीलाच लिहून पाठवतोय. चौकात सगळ्यांसमोर त्यानं ते वाचून दाखवावं.

मारुती, त्यांनी विचारलं होतं. मलाच विचारलं होतं.