आधी माणूस, मग सामान

दिव्याच्या लोखंडी खांबाला तळहात लावून तो डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "आली. पण अजून बोदवडलेच हाये."

फलाटावरची माणसं लगेच चादरी झटकायला लागायची. रात्री मलकापूर स्टेशनवर ताटकळला असाल, तर तुम्हीही हा खेळ पाहिला असेल. खांबातून त्याला काडीचं कळत नव्हतं. गाडी कुठवर आली ते तो पाण्याच्या टाकीमागे जाऊन रेल्वेच्या माणसाला विचारून यायचा, हे मी दुसऱ्याच खेपेला ताडलं. तोंडावर बोलले, तर म्हणाला, "ताई, विचारून सांगतलं तं कोन उठते? खांबानं सांगतलं का समदे उठतात."

तो तिथला हमाल. वयानं माझ्या वडिलांएवढा. लाल सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, गुडघे किंचित बाहेर वळलेले. सगळे त्याला चाचा म्हणायचे, मीही म्हणायचे.

मी रोहिणखेडची. गावातल्या दहा-बारा बायकांकडून गोधड्या शिवून घेते आणि नागपूरच्या प्रदर्शनात विकते. एका सुईवर धंदा उभा केला. मला कोणी काही फुकट दिलं नाही, मीही देत नाही. पहिल्याच रात्री चाचाची हमाली अर्ध्यावर आणली. तो भांडलाच नाही. "जशी तुमची मर्जी," म्हणाला आणि गठ्ठे उचलले. समोरचा भांडला नाही की भाव पाडल्याचं समाधान मिळत नाही. तेव्हापासून त्याच्याविषयी माझ्या मनात एक अढी होती.

मोताळ्याहून येणारी शेवटची बस मला संध्याकाळीच सोडायची आणि गाडी रात्री दीडची. मधले तास सरता सरत नसत. पण लांब वळणावर गाडीचा दिवा दिसला की सगळा फलाट एकदम जागा व्हायचा. बायका पोरं मोजायच्या, म्हातारे उगाच खिसे चाचपायचे. बाजारात मी भल्याभल्यांना घाम फोडते, पण त्या दिव्यानं माझे हात गार पडायचे. इतक्या खेपा करूनही. खरं सांगू, त्या गार हातांसाठीच मी रात्रीची गाडी धरायचे. दिवसाच्या गाडीत आपण नुसते गावाला जातो. रात्रीच्या गाडीत चढताना वाटतं, उद्या काहीतरी वेगळं उजाडणार.

चाचाचं एकच म्हणणं असे. "आधी मानूस, मंग सामान."

"आधी सामान," मी म्हणायचे. "माझ्या गठ्ठ्यांत बारा घरच्या बायकांचे डोळे गेलेत."

"सामान मागून येते, ताई. मानूस मागं राह्यलं का मोठा घोटाया होते."

एकदा त्यानं एका बाईचं सामान आधी चढवलं होतं. पोरंही चढली आणि गाडी हलली. बाई फलाटावरच राहिली. पुढच्या स्टेशनवर पोरं उतरवून घेईपर्यंत ती त्याच खांबाला धरून उभी होती. तेव्हापासूनचा हा नेम.

पण नेम चालवायचा तर माझ्याच गठ्ठ्यांवर? नागपूरला मला पहिल्यांदा स्वतंत्र टेबल मिळालं, त्या रात्री नळाजवळ थांबणारा आमचा डबा पार दुसऱ्या टोकाला गेला. आम्ही धावलो. दारापाशी मी ओरडत होते, "गठ्ठे टाका, चाचा, आधी गठ्ठे!" त्यानं गठ्ठे खाली ठेवले, मला दंडाला धरून आत ढकललं आणि गाडी सुटली. माझे दोन्ही गठ्ठे फलाटावर. दारात उभी राहून मी त्याला जे जे बोलले, ते इथे लिहीत नाही.

सकाळी अकराला प्रदर्शन उघडलं. मी रिकाम्या टेबलामागे बसले. शेजारची लोणचीवाली म्हणाली, "ताई, तुम्ही टेबल इकून राह्यल्या का?"

बाराच्या पुढे दारात पांढरी टोपी दिसली. डोक्यावर एक गठ्ठा, काखेत दुसरा. गठ्ठ्यावर लिहिलेला पत्ता विचारत विचारत आला होता. चाळीस वर्षं लोकांना गाडीत चढवलं, स्वतः मात्र अकोल्याच्या पुढे कधी गेला नव्हता. मी रात्रभर शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ताई, रातची गाडी आतून लय मस्त राह्यते बरं."

संध्याकाळपर्यंत एकही गोधडी उरली नाही. तरी सकाळचं गिऱ्हाईक गेलं ते गेलंच. त्याबद्दल तो कधी चुकलं म्हणाला नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही.

पुढे त्याचे गुडघे थकले. सुरतेला मुलीकडे कायमचा निघाला, तेव्हा मी पोचवायला गेले. नातीसाठी त्यानं माझ्याकडे एक लहान गोधडी मागितली. मी भाव सांगितला.

"अर्ध्यात द्या."

"चाचा, तुम्हाले भाव करता येते?"

"तुमच्यापासूनच शिकलो."

अर्धा तास भांडलो. मजा आली. शेवटी त्यानं अर्ध्यावरच आणलं. तेवढ्यात दिवा दिसला. मी त्याचा हात धरला, तर गार पडला होता.

डबा समोर आला. तो दारातच अडला. "ताई, आधी ते गोधडी द्या."

"आधी माणूस," म्हणून मी त्याला पाठीला हात लावून आत ढकललं. पेटी मागून सरकवली आणि गाडी हलली. गोधडी माझ्या काखेतच.

"ताई, माही गोधडी!"

"सामान मागून येते, चाचा."

तो एवढा हसला की टोपी सरकली. सिग्नलच्या पुढे जाईपर्यंत ती पांढरी टोपी दारात दिसत होती.

आज मी त्याच फलाटावर आहे. पर्समध्ये सुरतेचं तिकीट, मांडीवर लहान गोधडी. शेजारी एक बाई दोन झोपाळू पोरांना सावरत बसली आहे. तिनं विचारलं, "गाडी कुठलोक आली व, बाई?"

मी मोबाइलवर बघून घेतलं. मग उठले, खांबाला तळहात लावला आणि डोळे मिटले.

"आली," मी म्हणाले. "पण अजून नांदुऱ्यालेच हाये."

मागे चादरी झटकल्याचा आवाज आला.