नीळकंठरावांच्या अंगची वीज

मे महिन्यात नांदुऱ्यात माणूस उकडतो, भाजतो. पण त्याच्या अंगातून वीज निघते ही बातमी पुण्याहून यावी लागली. ती नीळकंठरावांच्या मुलाने, शंतनुने आणली, हिवाळ्यात, एका मनगटी पट्ट्यासकट. त्याला सेल नको, चार्जर नको. अंगाच्या उष्णतेवर तो चालतो, नाडी मोजतो आणि मुलाच्या मोबाइलवर कळवतो की बाप जिवंत आहे. फोन करून विचारायचा त्रास वाचला.

"बाबा, पट्टा चालू असेपर्यंत इथं एकटे राहा. बंद पडला की सामान बांधायचं," त्याने बजावलं.

नीळकंठराव निवृत्त कारकून. जन्मभर दुसऱ्यांच्या हयातीच्या दाखल्यांवर शिक्के मारलेला हात आता स्वतःचा दाखला देऊ लागला. पुण्याच्या बाल्कनीत कुंडीसारखं ठेवलं जाण्यापेक्षा नांदुऱ्यात भाजून निघणं त्यांना बरं वाटे.

थंडीत पट्टा झकास चालला. मे उजाडला आणि भर दुपारी तो मेला. त्याला अंग गरम आणि बाहेरची हवा गार लागते. इथे हवेनेच अंगाला मागे टाकलं. मग नीळकंठराव पत्त्यांचा डाव सोडून कूलरसमोर हात धरून बसू लागले. विजेशिवाय चालणाऱ्या पट्ट्यासाठी दिवसभर वीज जळू लागली. लाइट गेली की पट्टा गप्प, आणि लगेच पुण्याहून फोन.

शेजारच्या रुखमाबाई खिडकीत डोकावल्या. "काऊन हात धरून बसून राह्यले, बाबूजी? पोपटवाला भविष्य सांगून राह्यला का?"

"याले वरून गार पायजे, आतून गरम. नाही तं मले पुण्याले नेतेत."

"वरून गार, आतून गरम? अशी तं आमची चंद्री हाये."

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. ती डबक्यात बसली होती. पट्ट्यावर ओला रुमाल गुंडाळला असता तरी भागलं असतं. पण साधा मार्ग सुचला तर तो कारकून कसला! पट्टा चंद्रीच्या शेपटीच्या मुळाशी गेला, नीळकंठराव पत्त्यांकडे.

पुण्यात आनंदीआनंद. नाडी संथ, विश्रांती भरपूर.

"बाबा, योगासनं करता?"

"एकच आसन. दिवसभर."

महिनाअखेर शंतनु स्वतः हजर झाला. "ही तर खेळाडूची नाडी! तुम्हाला इथे कशाला वाया घालवायचं? तुमची सून नोकरीला लागतेय. नातीची शाळा, भाजी, सगळं तुम्ही सहज सांभाळाल. तिकिटं काढलीत."

"पट्टा चालू असला तर राहा, असं म्हणाला होतास."

"ते काळजीपोटी हो. आता काळजी कसली?"

नीळकंठराव त्याला डबक्याशी घेऊन गेले. चंद्रीने शेपटी हलवली. मोबाइलवर बापाने व्यायाम केल्याची नोंद झाली.

शंतनुने शेपटीवरचा पट्टा ओळखला. "म्हणजे तुमची खरी नाडी किती, कुणालाच माहीत नाही?"

"हात तर इथेच आहे," मनगट पुढे करत नीळकंठराव म्हणाले.

रुखमाबाईंना धीर धरवेना. "भाऊ, नेऊ नका बाप्पा तिले. गाभण हाये."

नाडीचा भरवसा नसलेल्या म्हाताऱ्याच्या हाती शाळकरी पोर कशी द्यायची? शंतनुने जागच्या जागी एक तिकीट रद्द केलं. बापाचा हात मात्र तसाच पुढे राहिला; तो धरून पाहायचं त्याला सुचलं नाही.