शेंडेफळाची शेवटची पानं

चौघा भावंडांत ती शेंडेफळ. त्यामुळे चित्रकथेचं पुस्तक तिच्या हाती यायचं ते सगळ्यांत शेवटी. आधी दादा, मग ताई, मग मधला. आणि तेही धड येईल तर शपथ! शेवटच्या पानामागे बक्षिसाचं कूपन असायचं. दादा ते कात्रीने कापून घ्यायचा, त्यासोबत गोष्टीचा शेवटही जायचा. एवढी कूपनं पाठवून मिळालं काय, तर एक पत्र्याची शिट्टी. इकडे राजकन्या दोरीला लटकलेली, खाली राक्षस, आणि पुढे मोठ्ठं भोक.

"दादा, पुढे काय झालं?"

"मेली राजकन्या."

ताई म्हणायची, "राक्षसाशी लग्न केलं." मधला नुसताच दात काढायचा.

वयाने मोठं झालं की धाकट्याला छळायचा परवानाच मिळतो की काय, कोण जाणे! ती रडली, पण एकदाच. दुसऱ्या दिवशी तिने वहीचं पान फाडलं, राजकन्येच्या हातात दणकट सोटा दिला, राक्षसाला लोळवलं आणि ते चित्र खळीने भोकावर चिकटवलं. त्यानंतर एकही पुस्तक तिने भोकासकट सोडलं नाही.

त्या चिकटवाचिकटवीतच तिला धंदा सापडला. आज वय पंचावन्न, बाजारात स्वतःचं बाइंडिंगचं दुकान.

गेल्या आठवड्यात दादा माळ्यावरचा तो जुना गठ्ठा घेऊन आला. "सगळी एकत्र बांधून दे, आठवण म्हणून. आणि ही तुझी पोरकट चित्रं तेवढी काढून टाक. कोरी पानं घाल तिथे."

तिच्या हातातली सुई थांबली. "नाही काढणार."

"अगं, पुस्तकं माझी आहेत."

"भोकं तुझी आहेत. पानं माझी. न्यायची तर पानांसकट ने, नाहीतर उचल गठ्ठा आणि चालायला लाग. बाइंडर काय, पुष्कळ आहेत."

"पण खरी गोष्ट अशी नव्हतीच!"

"बरं. तू वाचलीस ना खरी? मग सांग, राजकन्येचं काय झालं?"

दादाने तोंड उघडलं. छताकडे पाहिलं. चष्मा काढून पुसला. ते एक पान त्याला काही केल्या आठवेना.

"मेली नव्हती, एवढं नक्की," तो पुटपुटला.

तिला इतकं बरं वाटलं! पण चेहऱ्यावर दाखवील तर ती शेंडेफळ कसली.

"ते मला सहाव्या वर्षीच कळलं होतं," ती म्हणाली आणि पहिला टाका तिने स्वतःच्या पानातून घातला.